एक चांदणी कमी

“आईनं बोट चाटलं,” चिनू म्हणाली, आणि वरणात बुडवलेला पोळीचा तुकडा तसाच हातात धरून गौरांग हसायला लागला. शनिवार होता. त्याला कळमेश्वरच्या कारखान्यात दुसरी पाळी होती, म्हणून बारालाच जेवणं चालली होती. “कधी गं?” त्यानं विचारलं. “सकाळी. क्रीमच्या भांड्यात घातलं न् चाटलं. मी पाहिलं ना.” आणि चिनूनं आपलं इवलं बोट तोंडात घालून ते बाहेर कसं काढलं तेही करून दाखवलं, डोळे मिटून, मान जराशी मागे टाकून. “बाप्पा! इन्स्पेक्टर तयार झाली की आपली,” गौरांग म्हणाला. “साडेचार वर्षांची आहे, पण नजर काय तेज आहे पोरीची! मग आज आईला चांदणी नाही.” “नाही,” चिनू अगदी गंभीरपणे म्हणाली. उत्तरा पोळी वाढत होती. तिनं ती गौरांगच्या ताटात टाकली, ‘काहीतरीच काय सांगतेस’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंड तसंच मिटून घेतलं. कारण तिला माहीतच नव्हतं.

चाटलं असेलही. भांडं खरवडताना बोट कडेवरून फिरलं होतं एवढं आठवत होतं, पुढचं काहीच नाही. आणि चाटलं याचं तिला इतकं काही वाटलं नाही; चाटलं असेल तर ती चव गेली कुठे, याचं वाटलं. साठ दिवस झाले होते. साठ दिवस चहात साखर नव्हती, दिवाळीत शेजारून आलेली करंज्यांची ताटली तिनं झाकण न उघडता तशीच गौरांगपुढे सरकवली होती, आणि या साठ दिवसांत एकही दिवस असा गेला नव्हता की ती गोडाशी मनातल्या मनात बोलली नाही. भाजी निवडताना, चिनूच्या वेण्या घालताना, सिग्नलला स्कूटीवर थांबलेली असताना. दूर गेलेल्या माणसाची वाट पाहावी, आलं की काय काय बोलायचं ते ठरवून ठेवावं, तसं तिनं ठरवून ठेवलं होतं: पहिला घास घेईन तेव्हा बसून घेईन. हातात दुसरं काम ठेवणार नाही. लगेच गिळणार नाही. आणि ते माणूस सकाळी दहा वाजता, बीटर घरघरत असताना, मागच्या दारानं येऊन गेलं, आणि तिची भेटच झाली नाही.

चांदण्यांची कल्पना गौरांगची. चिनू पोटात असताना उत्तराची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर जाते म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं आणि तशी ती गेलीही. आणि मग चिनू शाळेत जायला लागल्यावर, सगळं विसरायला झाल्यावर, या ऑक्टोबरातल्या रिपोर्टमध्ये परत आली. डॉक्टरबाई वयानं तिच्याएवढ्याच होत्या. “वडिलांना मधुमेह होता ना? मग तीन महिने मनावर घ्या. आत्ता आवरलंत तर गोळी लागणार नाही. साखर पूर्ण बंद. तुम्ही करता काय?” “केक,” उत्तरा म्हणाली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. घरी येताना गौरांग म्हणाला होता, “सोडून दे ना थोडे दिवस.” तो चांगल्या मनानंच म्हणाला होता. पण त्याला कसं सांगायचं, की खाण्याचं सोडता येईल, करण्याचं नाही. लोणी आणि साखर फेसताना एक क्षण असा येतो की पिवळा रंग अचानक पांढरा पडतो, भांड्यातल्या आवाजाची किरकिर थांबते. तो क्षण तिच्या दिवसातला तेवढा एकच असा होता जो चिनूचा नव्हता, गौरांगचा नव्हता, कुणाचाच नव्हता. मग गौरांगनं फ्रीजवर चौकोनांचा कागद लावला. ज्या दिवशी आई गोड खाणार नाही त्या दिवशी एक सोनेरी चांदणी, आणि ती चिनूनं चिकटवायची. आणि केक चाखायचा कुणी? तोही चिनूनं. गंमत होती सगळी. साठ दिवसांत चांदण्यांच्या आठ रांगा भरून नवव्या रांगेत चार झाल्या होत्या.

“तोंड काय पाडून बसलीस अशी? मस्करी केली मी,” बूट घालताना गौरांग म्हणाला. “नाही रे, कुठं काय.” “सोमवारी दोन महिन्यांचा रिपोर्ट. बघशील, एकदम फर्स्टक्लास येते.” त्याची गाडी गेटबाहेर पडल्याचा आवाज आला. चिनूला निजवताना उत्तरा तिच्या पाठीवर थोपटत राहिली. डिसेंबरचं ऊन खिडकीच्या गजांतून चादरीवर आलं होतं. पापण्या जड झाल्यावर चिनू म्हणाली, “आई, तू चाटलं ना, तेव्हा तू अशी झाली होतीस.” “कशी?” “दुसरी,” चिनू म्हणाली, आणि झोपली.

उत्तराचा हात थोपटता थोपटता थांबला. हा शब्द तिला सापडला नव्हता. वीस-एकवीस वर्षं सापडला नव्हता. ती अकरा वर्षांची होती, सावनेरला, सायकलवरून शिकवणीहून घरी येत होती. बाबा कोळसाखाणीच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी सहाला स्कूटरवरून यायचे. त्या दिवशी घराच्या अलीकडे नाल्यावरच्या पुलाजवळ त्यांची स्कूटर उभी दिसली, आणि ते तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेले. हेल्मेट मांडीवर, हेल्मेटमध्ये पुठ्ठ्याचा छोटा डबा, आणि हातात संत्र्याच्या बर्फीचा तुकडा. डोळे मिटलेले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या, धूळ उडत होती, पण तो माणूस कुठल्या तरी बंद खोलीत एकटा असल्यासारखा बसला होता. घरी जेवायला बसणारे, कपाळाला आठ्या घालून पालकाची भाजी चिवडणारे बाबा ते हे नव्हेत. हे दुसरे. ते दुसरे बाबा इतके सुंदर दिसत होते की तिला कसला तरी राग आला. आईनं तिला सांगूनच ठेवलं होतं, “बाबांवर लक्ष ठेव हं उत्तरा, मला सांगत जा, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.” ती घरी गेली आणि तिनं सांगितलं. बाबा आल्यावर आईनं स्कूटरची डिक्की उघडली. तिनं डबा घेतला, दारात उभ्या असलेल्या गाईपुढे पालथा केला, आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. गाईनं बर्फी दोन घासांत संपवली. बाबा उंबऱ्यात उभे राहून ते बघत होते. मग त्यांनी उत्तराच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी नजर फार तेज आहे हं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संत्री आणायला सुरुवात केली. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, नखानं साल सोलायचे, फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढायचे. “दोन माझ्या, आठ तुझ्या,” म्हणायचे. स्वतःच्या दोन लगेच संपवायचे आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. “सांग.” “छान आहे.” “छान म्हणजे काय? छान तर हवाही असते. आधी काय येतं?” “आंबट.” “मग?” “मग गोड.” “गोड कसं? गुळासारखं की साखरेसारखं?” “पाण्यासारखं. पाण्यात गोड लपलंय असं.” “वा! न् शेवटी?” ती जीभ टाळूला लावून थांबायची. “शेवटी मागे थोडं कडू.” “तेच!” बाबा मांडीवर थाप मारायचे. “ते कडूच खरं संत्रं. बाकी सगळं सरबत.” दसऱ्याला, लग्नाकार्यात, ताटातलं गोड ते तिच्या ताटात ठेवायचे आणि हळूच वाकून म्हणायचे, “सांग.” असं सांगत सांगत ती मोठी झाली. चवीला शब्द असतात हे तिला त्या अंगणात कळलं, आणि तिथूनच कधीतरी, पुढे नागपूरला लग्न होऊन आल्यावर, या ओव्हनपर्यंतचा रस्ता निघाला. बाबांना मात्र तिचा एकही केक खाता आला नाही. शेवटच्या महिन्यांत ते इथंच दवाखान्यात होते, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या यंत्रावर. ती पहिल्या पहिल्या ऑर्डरी करून धावत जायची. ते तिची ओढणी नाकाशी धरायचे. “आज काय, व्हॅनिला?” “व्हॅनिला न् वेलची.” “सांग,” म्हणायचे. ती सांगायची. पिशवीत केकचा कापलेला कडेचा तुकडा असायचा, नर्ससाठी आणलेला. एकदाही तिनं त्यातला कण त्यांच्या जिभेवर ठेवला नाही. तेज नजरेची मुलगी.

फोन वाजला. कुसुमताईंचा. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, उत्तराचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि संध्याकाळी सहाला त्यांचा संत्र्याचा केक न्यायला पुतण्या येणार होता. “कामात आहेस का गं? एकच मिनिट. एक बोलू का, राग नाही ना येणार? मागचा केक जो दिलास ना नातवाच्या वाढदिवसाला, त्यात मला संत्रं काही लागलंच नाही बाई. साखर, साखर आणि साखर. मी म्हटलं आपलीच जीभ गेली की काय म्हातारपणी. आज तेवढं बघशील ना? पूर्वी तुझ्या केकात कसं शेवटी असं… मला नाही सांगता येत, पण असायचं काहीतरी.” “बघते ताई,” उत्तरा म्हणाली. फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहिली. केक भाजून जाळीवर निवत ठेवलेला होता. तो चुकणं शक्य नव्हतं. मैदा, लोणी, साखर सगळं काट्यावर मोजलेलं. सकाळचं क्रीमही तसंच, मोजून केलेलं. पण केकात मुरवायचा रसाचा पाक काट्यावर होत नाही. संत्रं दर आठवड्याला वेगळं असतं, हिवाळ्यातलं आंबिया बहाराचं वेगळं, उन्हाळ्यातलं मृग बहाराचं वेगळं, एकाच पिशवीतली दोन वेगळी. पाक जिभेवरच करावा लागतो. आणि साठ दिवस त्या पाकाला तिची जीभ लागली नव्हती.

मोरीपाशी रुख्मिणी मावशी भांडी घासत होती. “काहून वं ताई, अशी भुतावानी उभी राहिली? कोणाचा फोन होता?” “कुसुमताईंचा. म्हणतात केक फार गोड झाला होता मागचा.” मावशीनं राखेचा हात तसाच वर धरला, उत्तराकडे पाहिलं, आणि पुन्हा कढई घासायला घेतली. “काय गं मावशी?” “काही नाही.” “सांग ना.” “सांगू? मंग तोंड नको पाडू. तुहा केक भल्ली गोड होऊन राहिला ताई, दिवाळीपासून. तू कडा कापून देतं ना मले घरी न्याले, तं आमचा सौरव म्हणते, उत्तराताईचा केक खाचा तं बाजूले पाण्याचा गुंड भरून घेऊन बसा लागते.” “मग मला बोलली काहून नाहीस?” “तू कुठं इचारलं मले? तू तं त्या लेकरालेच इचारतं. आन लेकरू काय सांगन? त्याले साखरेचा डबा उपडा केला तरी कमीच.” कढई खळखळून धुऊन तिनं पालथी घातली. “म्या म्हटलं, बाईच्या हातानं सोडलं नसन अजून. तोंडानं सोडलं, हातानं नाही. जाऊ दे वं, होते असं. माह्या बापानं बिडी सोडली, तरी वर्षभर काडीपेटी खिशात ठेवे.” पदराला हात पुसून, चप्पल घालून ती निघाली. “दार लावून घे. न् रडू नको, कांदा कापून राहिली का तू?”

उत्तरानं दार लावलं. हातानं सोडलं नाही. चिनू चमचा चाटून म्हणायची, “छान. अजून थोडी,” आणि तिचा हात डब्यात जायचा. दर वेळी. त्या हाताला किती आनंद व्हायचा ते आता तिला आठवलं. पांढरी साखर चमच्यावरून सुटताना बघण्याचा आनंद. साठ दिवस ती दुसऱ्यांच्या तोंडात आपली भूक ओतत होती. कुसुमताईंच्या, सौरवच्या. आणि चिनूच्या. हे शेवटचं नाव मनात आलं तेव्हा तिला गॅस लावता येईना. दोनदा लायटर नुसताच टिचकला.

पाक झाला. केशरी, कडेला बुडबुडे. नेहमीच्या सवयीनं हातानं साखर घातली ती तिनं आज बघितली: दोन चमचे, मग एक, मग अर्धा. गॅस बंद करून तिनं चमचाभर पाक वाटीत काढला. स्टुल ओढलं आणि बसली. फ्रीजवरचा नवव्या रांगेतला पाचवा चौकोन समोर होता. डॉक्टरबाई, गौरांग, सोमवार, दवाखान्यातलं ते यंत्र, त्याच्या नळीतून जाणारं बाबांचं रक्त, सगळं त्या रिकाम्या चौकोनात दाटीनं उभं होतं. तिला आता कळत होतं की दोन गोष्टी एकसारख्या दिसतात आणि एक नाहीत: सकाळचं ते बोट आणि हा चमचा. त्या बोटाला चिनूनं पाहिलं होतं, तिनं स्वतः नाही. या चमच्याला तिला स्वतःला बघायचं होतं. पण हेही आपलं मन आपल्याला फसवायला सांगत असेल का? पुलाजवळ स्कूटर थांबवताना बाबाही मनाशी असंच काही म्हणाले असतील. तिनं चमचा ओठांपर्यंत नेला. वासानंच तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. ती थांबली, मग चमचा तोंडात घेतला आणि डोळे उघडे ठेवले.

आलं. साठ दिवसांनी. आधी सगळीकडे एकदमच, जिभेच्या टोकापासून कानांच्या मुळांपर्यंत, इतकं की खांदे सैल पडले. “सांग,” ती स्वतःशीच म्हणाली. “गोड,” तिनं मोठ्यानं उत्तर दिलं. “मग?” गोडच. “मग?” ती जीभ टाळूला लावून बसून राहिली, अंगणात बसायची तशी, आणि वाट पाहत राहिली. शेवटी काहीच आलं नाही. नुसती साखर ओसरून गेली आणि तोंड चिकट राहिलं. ज्याची साठ दिवस वाट पाहिली ते हे नव्हतं. तिला हवं होतं ते या गोडाच्या मागे असायचं, आणि ते तिनंच मुठीमुठीनं पुरून टाकलं होतं. ती उठली. दोन आंबट संत्री निवडून पिळली, साल किसणीवर जरा जास्तच खोल, पांढऱ्यापर्यंत किसली, ते सगळं पाकात घालून पुन्हा एक उकळी आणली. साखरेचा डबा झाकण लावून वरच्या फळीवर ठेवला. मग चमच्याच्या टोकावर थेंब घेऊन परत बसली. आंबट. मग पाण्यात लपलेलं गोड. मग, खूप मागून, कुणीतरी चप्पल न वाजवता अंगणात यावं तसं, कडू. “तेच,” ती म्हणाली.

“कोणाशी बोलून राहिली आई?” दारात चिनू उभी होती. झोपेनं एक गाल लाल, केस विस्कटलेले. तिची नजर चमच्यावर गेली, मग वाटीवर, मग आईच्या तोंडावर. उत्तरानं चमचा लपवला नाही, पण हात आपोआप जरा खाली गेला, आणि तेवढंही चिनूनं पाहिलं. फ्रीजशेजारच्या खणातून तिनं चांदण्यांचा कागद काढला, जीभ बाहेर काढून नखानं एक चांदणी सोडवली आणि बोटावर घेऊन जवळ आली. अगदी कानाशी येऊन म्हणाली, “मी लावून टाकते. पप्पांना नाही सांगणार.”

उत्तरानं चमचा वाटीत ठेवला. ‘नाही सांगणार.’ हे दोन शब्द. सायकल पुलाजवळून वळवून दुसऱ्या रस्त्यानं घरी जावं, आणि संध्याकाळी बाबांच्या कानाशी लागून हे दोन शब्द म्हणावेत, असं तिनं किती वर्षं मनात करून पाहिलं होतं. आज ते असे तिच्याच कानाशी आले होते, गरम, झोपेच्या वासाचे, आणि बर्फीपेक्षा गोड. घ्यावेत, असं तिला वाटलं. पोरीला पोटाशी धरावं आणि घ्यावेत. मग आपल्या दोघींचं हे, फक्त आपल्या दोघींचं. पण मग चिनू रोज एक खोटी चांदणी बोटावर घेऊन हिंडेल. आणि तिनं स्वतः तेव्हा आईला सांगितलं नसतं तर? तर बाबा पुलाजवळ एकटेच खात राहिले असते, आणि अंगणातली ती खुर्ची, त्या आठ फोडी, ते ‘सांग’, यातलं काहीच कधी झालं नसतं. तिच्या सांगण्यानं डबा गेला होता खरा. पण ते नंतर येऊन तिच्याजवळ बसले होते.

“सांग पप्पांना,” ती म्हणाली. “पण सगळं सांग. आईनं सकाळी बोट चाटलं ते तिलाच कळलं नाही. दुपारी एक चमचा खाल्ला, स्टुलावर बसून खाल्ला, आणि साखर जास्त झाली होती म्हणून कमी केली. सांगशील?” चिनूनं विचार केला. “मग चांदणी?” “आज नाही.” “पण मी काढली ना ही.” तिनं ती कागदावर परत बसवून पाहिली, ती बसेना, कोपरा वर येत राहिला. फ्रीजवरचा पाचवा चौकोन तसाच रिकामा होता, आणि आता त्यात नुसता चौकोनच होता. “राहू दे बोटावर,” उत्तरा म्हणाली. तिनं एक संत्रं घेतलं, चिनूला मांडीवर ओढलं, नखानं साल सोलली, एका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या आणि ती फोड तिच्या तोंडात दिली. ओट्यावर केक पाकाची वाट पाहत होता, सहाला दोन तास होते. “छान,” चिनू म्हणाली. “छान नाही म्हणायचं. आधी काय येतं ते सांग.” चिनूनं डोळे मिटले, मान जराशी मागे टाकली. चांदणीचं बोट हवेत तसंच राहिलं. उत्तरा तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि स्वतःच्या तोंडात जीभ टाळूला लावून थांबली.

“थांब ना,” चिनू म्हणाली. “अजून येऊन राहिलं.”